जुन्या विलायती जीपगाड्यांचे हवेचे फुगे : घेण्यापूर्वी हिशेब मांडा

गेल्या काही वर्षांत आमच्या व्यापारी बांधवांत एक नवा शौक दिसू लागला आहे. नवी असताना अर्ध्या कोटीच्या वर किंमत असलेली विलायती जीपगाडी दहा-बारा वर्षांनी साध्या नव्या मोटारीच्या भावात मिळते, म्हणून ती घेतली जाते. रेंज रोव्हर, डिस्कव्हरी, मर्सिडीजची एमएल आणि जीएल, ऑडीची क्यू-७, फोक्सवॅगनची टूआरेग अशा गाड्या आता गोदामांपुढे आणि लग्नाच्या हॉलपुढे सर्रास उभ्या दिसतात. हलाल कमाईतून कोणी शौक केला तर आमची हरकत नाही. परंतु ह्यांपैकी पुष्कळ गाड्यांच्या चाकांवर पोलादी स्प्रिंग नसते, हवा भरलेले रबरी फुगे असतात. हे फुगे बदलण्याचा खर्च किती येतो आणि का येतो, हे सौदा करताना कोणी सांगत नाही. आज त्याचाच हिशेब ह्या पानावर मांडीत आहोत.

ह्या गाड्या एवढ्या स्वस्त का मिळतात, हे प्रथम पाहू. टाटा मोटर्सने २००८ साली जग्वार लँड रोव्हर ही कंपनी फोर्डकडून विकत घेतली, २००९ साली ह्या गाड्यांची भारतात रीतसर विक्री सुरू झाली आणि २०११ पासून पुण्यात त्यांची जुळणीही होऊ लागली. त्या काळात घेतलेल्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती येत आहेत. शिवाय दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती कायम केली. २०२५ मध्ये ह्या नियमात काही सवलत मिळाली, तरी मधल्या काळात तिकडच्या मालकांनी पुष्कळ गाड्या पडत्या भावाने काढल्या व त्या इतर राज्यांत आल्या. म्हणजे स्वस्ताईचे एक कारण कायदा आहे. दुसरे कारण असे की पहिल्या मालकाला पुढच्या खर्चाचा अंदाज आलेला असतो.

फुगा म्हणजे नेमके काय

एक खुलासा आधी करून ठेवतो. अपघातात स्टिअरिंगमधून बाहेर येणारी एअरबॅग वेगळी. आपण बोलतो आहोत तो चाकावर गाडीचे वजन तोलणारा फुगा. गॅरेजमध्ये त्याला कोणी एअर बेलो म्हणतात, कोणी एअर स्प्रिंग म्हणतात, कोणी नुसताच फुगा म्हणतात. मुंबई-पुणे मार्गावरच्या शिवनेरी बसचा प्रवास मऊ वाटतो तो अशाच फुग्यांमुळे.

१९७० साली पहिली रेंज रोव्हर बाजारात आली, तेव्हा बहुतेक जीपगाड्या पाट्यावर चालत. रेंज रोव्हरने कॉईल स्प्रिंग आणली आणि खडबडीत रस्त्यावरही बसणाऱ्याची कंबर शाबूत राहू लागली. १९९२ साली त्याच गाडीत संगणकावर चालणारे हवेचे सस्पेन्शन आले, आणि १९९४ च्या दुसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरमध्ये चारही चाकांवर फुगे बसले. १९९८ च्या डिस्कव्हरी-२ मध्ये काही गाड्यांना फक्त मागे फुगे होते. २००४ च्या डिस्कव्हरी-३ पासून मात्र बहुतेक गाड्यांत चारही बाजूंना आले. पुढे मर्सिडीज, ऑडी, फोक्सवॅगन आणि २०१० नंतरच्या जीप ग्रँड चेरोकीच्या काही गाड्यांतही ही व्यवस्था आली.

हिचा फायदा खरा आहे. बटण दाबले की गाडी उंच होते, नदी-नाला ओलांडता येतो. हमरस्त्यावर ती आपोआप खाली बसते. मागे माल भरला तरी गाडीची शेपटी खाली जात नाही. हे काम एकटा फुगा करीत नाही. त्याच्यामागे एक छोटा विजेवरचा कंप्रेसर असतो, हवेतील ओल शोषणारा ड्रायर असतो, हवा साठविणारी टाकी असते, कोणत्या चाकाला हवा द्यावी हे ठरविणारा व्हॉल्व्ह ब्लॉक असतो, प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो आणि ह्या सर्वांवर एक संगणक असतो. खर्चाची गोष्ट समजण्यासाठी ही साखळी ध्यानात ठेवावी लागेल.

फुगा कापडाचाच आहे

आम्ही कापडाच्या धंद्यातले, म्हणून ही गोष्ट आम्हाला जवळची वाटते. फुगा वरून रबराचा दिसतो, पण त्याचा जीव आतल्या कापडात आहे. दोन रबरी थरांच्या मध्ये नायलॉनच्या दोऱ्याचे दोन पदर असतात. हे पदर ताणा-बाण्यासारखे सरळ काटकोनात नसतात, एकमेकांना तिरके छेदून ठेवलेले असतात. गाडीचे वजन हा दोरा पेलतो. रबराचे काम हवा अडविण्याचे.

फुग्याचा खालचा भाग एका नळकांड्यावर आतल्या बाजूला दुमडलेला असतो. चाक वर-खाली झाले की ही दुमड नळकांड्यावरून सरकते. गाडी एका ठराविक उंचीवरच जास्त वेळ चालते, त्यामुळे दुमडही त्याच पट्ट्यात पडत राहते. जरीचा शालू वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवला की तो घडीवरच फाटतो, हे घराघरांतल्या बायकांना ठाऊक आहे. फुग्याचेही तेच. दुमडीजवळ आधी केसासारख्या बारीक भेगा येतात, मग हवा हळूहळू झिरपते, आणि शेवटी दोरा उघडा पडून फुगा एके दिवशी फुटतो.

ऊन, हवेतील ओझोन, तेल आणि दुमडीत अडकणारी वाळू-चिखल ह्यांनी हे काम लवकर होते. रबर नुसते उभ्या गाडीतही वयाने कडक होते. म्हणून "गाडी फार चाललेली नाही" हे विकणाऱ्याचे वाक्य फुग्याच्या बाबतीत फारसे उपयोगाचे नाही. आठ-दहा वर्षे झालेला मूळ फुगा चालता असला तरी त्याचे आयुष्य संपत आले असे धरून चालावे.

एक फुगा गेला की बिलाच्या चार ओळी

खरे नुकसान येथून सुरू होते. कंप्रेसर हा थोडा वेळ चालून बंद होण्यासाठी बनविलेला असतो. फुगा गळू लागला की रात्री गाडी बसते, सकाळी कंप्रेसरला ती पुन्हा उचलावी लागते. गळती वाढली की तो वाटेतही पुन्हा पुन्हा चालतो, तापतो, त्याच्या पिस्टनचे सील झिजते. त्याला वीज देणारा रिले जळतो किंवा चिकटून बसतो, आणि चिकटला तर कंप्रेसर थांबतच नाही. ड्रायरमधील सिलिकाचे दाणे ओलीने भरून जातात, ओल व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. आमच्या मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत हे लवकर घडते. अशा रीतीने ज्या बिलात फुग्याची एकच ओळ असायची, त्यात कंप्रेसर, रिले, ड्रायर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक अशा ओळी वाढत जातात.

आमच्या परिचयाच्या एका यंत्रमागवाल्या बांधवाच्या गाडीचे असेच झाले. पुढचा डावा फुगा रात्री बसे आणि सकाळी इंजिन सुरू केले की गाडी उठे. "उठते ना, मग काय बिघडले?" असे म्हणून त्यांनी संपूर्ण पावसाळा काढला. दिवाळीच्या सुमारास गाडी उठायची थांबली. तोवर कंप्रेसर जळाला होता. जे काम दोन फुग्यांवर मिटले असते, त्यात कंप्रेसर आणि रिलेही आले, आणि ऐन सीझनमध्ये सुताचे पैसे द्यायचे सोडून रक्कम गाडीत घालावी लागली. आमच्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याचे भांडवल फिरते असते. ते असे एकदम अडकले की त्याची झळ माल देणाऱ्यापासून कारागिराच्या आठवड्याच्या पगारापर्यंत पोहोचते.

किमतीचा हिशेब

गाडीगाडीत मोठा फरक आहे. १९९४ ते २००१ ची रेंज रोव्हर, डिस्कव्हरी-२ ची मागची बाजू, एमएल व जीएलची मागची बाजू ह्यांत फुगा शॉकअपपासून वेगळा असतो. तो एकटा बदलता येतो. डिस्कव्हरी-३, रेंज रोव्हर स्पोर्ट, क्यू-७ ह्यांसारख्या गाड्यांत फुगा आणि शॉकअप मिळून एकच नळी असते, तिला स्ट्रट म्हणतात. रबराला भेग पडली तरी बाजारात पुष्कळदा संपूर्ण स्ट्रटच घ्यावा लागतो. म्हणून घेण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा : ह्या गाडीत फुगा वेगळा मिळतो की अख्खा स्ट्रट?

परदेशी बाजारात चांगल्या कंपनीचा वेगळा फुगा साधारण १०० ते २०० डॉलरला, स्ट्रट साधारण ५०० ते १००० डॉलरला आणि कंप्रेसर ३०० ते ६०० डॉलरच्या आसपास पडतो. गाडीच्या मूळ कंपनीच्या डब्यातील माल ह्याहून महाग असू शकतो. आता हा माल भारतात आणला की काय होते ते पाहा. भाडे व विमा धरून १०० रुपयांचा माल समजू. मोटारीच्या बहुतेक सुट्या भागांवरील मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात वाढून १५ टक्के झाले. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे दीड रुपया. झाले ११६.५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २०.९७ रुपये. एकूण १३७.४७ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोटारीच्या ज्या सुट्या भागांवर जीएसटी २८ टक्के होता, तोच माल १४९.१२ रुपयांना पडत असे. म्हणजे थोडा दिलासा मिळाला आहे, पण ओझे उरले आहेच.

उदाहरणादाखल तीन बिले मांडू. रुपयाचा भाव रोज बदलतो, म्हणून आकडे डॉलरमध्येच ठेवतो.

पहिले बिल : वेगळ्या फुग्याची गाडी, गळती लवकर पकडली. दोन फुगे १५० प्रमाणे ३०० डॉलर. शुल्क व कर धरून सुमारे ४१२.

दुसरे बिल : तीच गाडी, दुर्लक्ष झाले. चार फुगे ६०० आणि कंप्रेसर ४५०, मिळून १०५०. शुल्क व कर धरून सुमारे १४४३.

तिसरे बिल : स्ट्रटची गाडी. पुढचे दोन स्ट्रट ७०० प्रमाणे १४०० आणि कंप्रेसर ४५०, मिळून १८५०. शुल्क व कर धरून सुमारे २५४३.

ह्यात आयात करणाऱ्याचा नफा, दुकानदाराचा नफा आणि गॅरेजची मजुरी धरलेली नाही. पहिल्या आणि दुसऱ्या बिलात साडेतीनपट फरक आहे, आणि तो केवळ वेळेचा आहे.

येथे आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. पुष्कळ जण गाडी फर्मच्या नावावर घेतात व समजतात की दुरुस्तीच्या बिलावरील जीएसटी परत मिळेल. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरील आणि तिच्या दुरुस्ती-देखभालीवरील कराची वजावट मिळत नाही. गाड्यांचा व्यापार करणारे, प्रवासी वाहतूक करणारे व ड्रायव्हिंग शिकविणारे ह्यांना अपवाद आहे. कापडवाल्याला, किराणावाल्याला नाही. तेव्हा बिलाची संपूर्ण रक्कम खिशातून जाणार असे धरूनच हिशेब करावा.

साऱ्या गोष्टीचे सार एवढेच की गाडी म्हातारी होते तशी तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागाची किंमत उतरत नाही. दहा लाखांना घेतलेल्या जुन्या गाडीला फुगा लागतो तो अर्ध्या कोटीच्या गाडीचाच.

माल कोणता घ्यावा

बाजारात चार प्रकारचा माल मिळतो. पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातील. दुसरा, फुगे बनविणाऱ्या नामांकित कंपन्यांचा. ब्रिटनची डनलॉप, जर्मनीची कॉन्टिनेंटल, अमेरिकेची आर्नॉट ही नावे ह्या धंद्यात जुनी आहेत, आणि रेंज रोव्हरचे फुगे मुळात डनलॉपनेच पुरविलेले आहेत. तिसरा, नाव नसलेला स्वस्त माल. चौथा, कटिंगचा म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीचा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी आणि आखातात शारजाचा औद्योगिक भाग हे कटिंगच्या मालाचे मोठे बाजार आहेत.

आमचे मत असे की दुसऱ्या प्रकारचा माल बहुतेकांना परवडतो व टिकतो. कटिंगमधून सेन्सर, टाकी, कंस, पाइपाचे जोड खुशाल घ्यावेत. लोखंड आणि ॲल्युमिनियम वयाने फारसे खराब होत नाही. पण कटिंगचा फुगा घेऊ नये. तो तुमच्या जुन्या फुग्याच्याच वयाचा असतो. जुन्या रबराला काळा पॉलिश मारून चमकविलेला मालही बाजारात येतो. फुगा हातात घेऊन दुमडीची जागा बोटांनी ताणून उजेडात पाहावी. भेग असेल तर दिसते.

फुगे एका धुरीवर नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा व एक जुना ठेवला तर जुना थोड्याच दिवसांत जातो व मजुरी दुप्पट होते. फुग्याला पंक्चरसारखे ठिगळ मारून देणारेही काही भेटतात. दुमडीवरचे ठिगळ टिकत नाही, आणि वेगात असताना ते सुटले तर एक कोपरा एकदम बसतो. थोड्या पैशांसाठी बायका-मुलांचा जीव धोक्यात घालू नये.

कॉईल स्प्रिंग बसवून घ्यावी का

पुष्कळ गाड्यांसाठी फुगे काढून कॉईल स्प्रिंग बसविण्याचा संच मिळतो. सगळे फुगे आणि कंप्रेसर गेलेल्या गाडीला हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो, आणि पुढची कटकट मिटते. परंतु त्याची किंमत दुसऱ्या बाजूने चुकवावी लागते. उंची कमी-जास्त करण्याची सोय जाते. माल भरला की गाडी मागे बसते. संगणकाला समजाविले नाही तर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा कायम जळत राहतो. स्प्रिंग गाडीच्या वजनाला जुळणारी नसेल तर गाडी उड्या मारते.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ह्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. म्हणून काम करण्यापूर्वी आरटीओत विचारावे व विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर दावा अडकला तर वाचविलेले पैसे कामाला येत नाहीत. डोंगर-नाल्यात कधीच न जाणाऱ्या, शहरातच चालणाऱ्या जुन्या गाडीला कॉईल स्प्रिंग चालून जाते. वरचेवर माल किंवा ट्रेलर ओढणाऱ्याने फुगेच ठेवावेत.

घेण्यापूर्वीची परीक्षा

ही परीक्षा कोणालाही करता येते. लागते ते शिंप्याचे टेप, साबणाचे पाणी आणि एक रात्र.

१. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे. सकाळी इंजिन सुरू न करता पुन्हा मोजावे.

२. काही गाड्यांचा संगणक बंद गाडीतही अधूनमधून जागा होतो आणि बाकीच्या चाकांची हवा सोडून त्यांना सर्वांत खालच्या चाकाबरोबर आणतो. अशा वेळी गळणारे चाक ओळखू येत नाही. मालकाची परवानगी घेऊन रात्रभर बॅटरीची तार काढून ठेवावी, म्हणजे जे चाक गळते तेच बसते.

३. गाडी सर्वांत वरच्या उंचीला नेऊन दुमडीवर, पाइपाच्या जोडांवर व व्हॉल्व्ह ब्लॉकवर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे आले की गळती आहे. हे काम गाडीखाली न शिरता, चाकाच्या कमानीतून करावे. खालून पाहायचे असेल तर आधी घोडी लावावी.

४. खालून वर जाण्यास गाडी किती वेळ घेते ते घड्याळ लावून पाहावे. फार वेळ लागला, किंवा कंप्रेसर खडखडला, तर तो थकला आहे.

५. स्कॅनर लावून जुने दोष वाचून घ्यावेत. पाहणीच्या दिवशी सकाळीच दोष पुसून टाकलेली गाडी असू शकते, म्हणून थोडी चालवून पुन्हा स्कॅनर लावावा.

ह्यानंतर गाडीच्या भावात फुग्यांचा पूर्ण खर्च मिळवावा आणि मगच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे. तेवढी रक्कम रोख हाती नसेल तर गाडी घेऊ नये. फुग्यांसाठी क्रेडिट कार्डावर किंवा बँकेचे व्याजी कर्ज काढणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. शौकाच्या गाडीसाठी सूद गळ्यात बांधून घेणे हा घाट्याचा सौदा आहे, दीनचाही आणि दुनियेचाही.

कारागीर बांधवांसाठी

ह्या कामात आमच्या मिस्त्री बांधवांना मोठी संधी आहे. फार गॅरेजे ह्या कामाला हात लावीत नाहीत, किंवा सरळ सगळा माल बदलून टाकतात. व्हॉल्व्ह ब्लॉकमधील ओ-रिंगा कडक होऊन हवा सोडतात. हा साऱ्या यंत्रणेतील सर्वांत स्वस्त माल आहे, पण तो नीट बदलणारा हात मिळत नाही. कंप्रेसरच्या पिस्टनचे सील आणि ड्रायरचे दाणेही बदलता येतात, पुष्कळदा नवा कंप्रेसर टळतो. डिस्कव्हरी-३ मध्ये आधी हिताचीचा कंप्रेसर येई, पुढे त्या जागी एएमके कंपनीचा बसू लागला, आणि तो बसविताना संगणकातील प्रोग्रामही बदलावा लागतो. ग्रँड चेरोकीची व्यवस्था बंदिस्त असून तीत नायट्रोजन भरलेला असतो, तेथे बाहेरची हवा भरून चालत नाही. अशा गोष्टी शिकून घेणाऱ्याकडे गिऱ्हाईक लांबून येते. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेल्या मुलाने एक चांगला स्कॅनर आणि उस्तादाजवळ एक वर्ष एवढी गुंतवणूक केली तरी हाताला इज्जतीचा धंदा लागू शकतो.

पण जिवाची काळजी घ्यावी. हवेच्या गाडीखाली नुसत्या जॅकवर, किंवा गाडी उंच उभी आहे एवढ्या भरवशावर कधीही शिरू नये. फुगा फुटला, पाइप सुटला किंवा संगणकाने हवा सोडली तर गाडी क्षणात खाली येते. चेसीखाली चांगल्या घोड्या लावल्याशिवाय डोकेसुद्धा आत घालू नये. पाइप खोलण्यापूर्वी हवा पूर्ण सोडावी. नवा फुगा बसविल्यावर गाडीचे वजन त्यावर टाकण्याआधी त्यात हवा भरावी. रिकाम्या फुग्यावर गाडी टेकविली तर दुमड वाकडी पडते आणि नवा माल पहिल्याच दिवशी खराब होतो. दुकानात शिकणाऱ्या लहान मुलांना हे नियम पाठ करून घ्यावेत.

ऐब सांगून विका

शेवटी एक गोष्ट विकणाऱ्यांसाठी. गळणारा फुगा लपविणे फार सोपे आहे. गिऱ्हाईक येण्यापूर्वी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले की बसलेली गाडी ताठ उभी राहते. घेणारा खूश होऊन बयाणा देतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात गाडी बसलेली असते. सहीह मुस्लिममध्ये एक घटना आली आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. इंजिन चालू ठेवून उभी केलेली गाडी आणि वर कोरडे धान्य पसरलेला ढीग ह्यांत फरक तो काय?

आमच्या फिकहमध्ये लपविलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला दिलेला आहे, त्याला खियारे-ऐब म्हणतात. हा हक्क बजाविण्याची वेळ घेणाऱ्यावर येऊच नये, हे विकणाऱ्याचे काम आहे. कोणता फुगा कधी बदलला त्याचे बिल जपून ठेवावे, जो बदलायचा राहिला आहे तो सांगावा आणि तेवढी रक्कम भावातून कमी करावी. भाव थोडा कमी येईल, पण बाजारात आपला शब्द चालेल. गाडी, कापड, चामडे, भांडी, कोणताही व्यापार असो, दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक आपल्या दुकानाची पायरी चढते ते ह्याच शब्दावर. अल्लाह आमच्या सर्वांच्या कमाईत बरकत देवो.